निम्मं वजा

निखाडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा माझा अर्धा चेहरा माझ्या मालकीचा नव्हता. डॉक्टर साहूंनी डाव्या जबड्यात सुई टोचली होती, आणि ती सुई, शपथेवर सांगतो, दुर्गच्या रेल्वे फाटकाच्या दांड्याएवढी लांब होती. गाल उशीसारखा फुगलेला, जीभ कुणा परक्याची. पलीकडून सरांची मुलगी नागपूरहून म्हणाली, "काका, बाबा सकाळी गेले." भिलाईत ज्याला बघून लोक गोष्ट ऐकावी लागेल या भीतीनं रस्ता बदलतात, तो मी फक्त "अं" म्हणालो. फोन साहूंच्या हातात दिला. साहूंनी ऐकलं, फोन ठेवला, थोडा वेळ हातातल्या अवजाराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मुँह खोलिए." मी तोंड उघडलं. त्यांनी दात भरला. दोघांनाही दुसरं काही सुचलं नाही.

साहू म्हणतात, बधिरपणा दोन-तीन तासांत उतरतो. माझा अजून उतरायचा आहे. सर असते तर म्हणाले असते, "बोरकर, निम्मं वजा."

आमचं नातं या दोन शब्दांवर उभं होतं. मी भौतिकशास्त्र शिकवतो, ते माझे विभागप्रमुख होते, आणि स्मृती नगरात आमची घरं एका गल्लीत. मी काहीही सांगितलं की सर शांतपणे ऐकायचे, बशीतल्या चहावर बोटाची मागची बाजू धरून ऊब बघायचे आणि निकाल द्यायचे. मे महिन्यात मी स्कूटरच्या सीटवर पोळी भाजली, हे मी त्यांना सांगितलं. सगळा स्टाफरूम हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "निम्मं वजा. एकाच बाजूनं भाजली असंन." मी आजतागायत त्या पोळीची गोष्ट एकाच बाजूनं भाजून सांगतो. लोकांचा लगेच विश्वास बसतो.

वासुदेव निखाडे. वडील भंडाऱ्याकडून पोलाद कारखान्यात कामाला आले, तेव्हा सर कडेवर होते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा, त्यामुळे धुतलेल्या शर्टावरही छातीशी एक पांढरा डाग. वर्गात हिंदी, घरात मराठी, भाजीवालीशी छत्तीसगढी. तिन्ही भाषांमध्ये सारखेच कमी बोलायचे. विद्यार्थ्यांना एकच मंत्र दिलेला: "दिसलं तेवढं लिहा. वाटलं ते घरी जाऊन सांगा."

आमची संस्था म्हणजे एक फाटक आणि आत जत्रा. विज्ञान कॉलेज, कायद्याचं कॉलेज, दातांचं कॉलेज, सगळ्यांचं कँटीन एक, आणि समोसाही, मला संशय आहे, एकच, तोच फिरवतात. निवृत्त झाल्यावर संस्थेनं सरांना संशोधन समितीवर बसवलं. कुणाचाही प्रबंध विद्यापीठात जायचा तर आधी सरांची सही लागायची. कागदावरचा नियम असा की उमेदवारानं सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवून भाषण करायचं. ते व्हायचंच. लोक टाळ्या वाजवायचे, बिस्किटं खायचे. मग सर उमेदवाराच्या कानाशी येऊन हळूच म्हणायचे, "रविवारी सकाळी घरी या. सिंधूले सांगा."

सिंधू म्हणजे सिंधूवहिनी, सरांची बायको. साकोलीकडच्या. सातवीपर्यंत शाळा. रविवारी सकाळी त्या स्वयंपाकघरात पाटावर बसून भाजी निवडायच्या. थंडीत लाखोळीची कोवळी पानं, इतर वेळी लाल भाजी, चेच भाजी, इकडे जे येईल ते. उमेदवारानं समोर सतरंजीवर बसायचं आणि आपलं संशोधन वहिनींना समजावून सांगायचं. सर दाराच्या चौकटीला टेकून उभे. मी शेजारी म्हणून आणि चहासाठी म्हणून हजर. चित्रं नाहीत, पडदा नाही. वहिनी काही शहाणपणाचं बोलायच्या असंही नाही. त्या फक्त शेवटपर्यंत ऐकायच्या आणि जिथं माणूस थांबला तिथं विचारायच्या, "मंग?"

या एका शब्दानं मी मोठमोठी माणसं घामाघूम झालेली पाहिली आहेत. एका प्राध्यापकाच्या घामानं सतरंजी इतकी भिजली की ती गच्चीवर वाळत घालावी लागली. बरं, निम्मं वजा. पण घाम आला होता.

ही परीक्षा सुरू झाली ती सरांपासूनच. लग्न नवं होतं तेव्हा सर स्वतःचा प्रबंध लिहीत होते. विषय होता दाणे. तांदूळ डब्यातून ओतताना मधेच तोंडाशी अडकतात, ते का अडकतात. सरांनी एका दुपारी हौसेनं बायकोला सगळं सांगितलं. दाणे एकमेकांना कसे रेटतात, तोंडाशी कमान कशी तयार होते, तिच्यावर सगळा भार कसा तोलला जातो. वहिनींनी नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग?" सरांकडे 'मंग' नव्हतं. कमान बनते इथवरच त्यांचं काम आलं होतं. ती मोडते कशी, कधी, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. "त्या एका 'मंग'वर माहा अर्धा प्रबंध उभा हाय," असं ते सांगायचे. वहिनी आतून म्हणायच्या, "मले तं वाटलं होतं, संपलं काय म्हणून विचारावं."

डॉक्टर साहू तिथं आले ते दातात भरायच्या पांढऱ्या मसाल्याचं संशोधन घेऊन. येताना प्लास्टरचा जबडा आणला. तो त्यांनी ओट्यावर ठेवला आणि हात धुवायला गेले. तेवढ्यात कामवाल्या बाईनं तो घासून कुकरच्या झाकणाशेजारी पालथा घातला. साहूंनी कुकरशेजारून जबडा उचलला आणि आपल्या हिंदीत समजावू लागले. हा मसाला निळ्या उजेडात कडक होतो, कडक होताना किंचित आकसतो, मग दात आणि मसाला यांच्यात बारीक फट पडते. त्यांनी केलेला मसाला कमी आकसतो.

"मंग?" वहिनी.

"तो काकीजी, मरीज को ठंडा पानी नहीं लगेगा."

चौकटीतून सर म्हणाले, "कुठल्या मरीजले?"

साहूंनी हातातला जबडा खाली ठेवला. त्यांचे सगळे प्रयोग काढलेल्या दातांवर, काचेच्या भांड्यात झाले होते. "काढलेल्या दाताले थंडी वाजत नाही, डॉक्टर," सर म्हणाले. साहूंनी त्या रात्री प्रबंधाची शेवटची दोन पानं काढली. आणि कौतुक असं की पुढं परीक्षकांनी नेमकी तीच गोष्ट वाखाणली, की हा माणूस हातात आहे तेवढंच बोलतो. तेव्हापासून साहू माझे दात फुकट बघतात. सरांचे बघायचे म्हणून माझेही.

थॉमस मॅडम कायदा शिकवतात. त्यांचा विषय होता, सरकारनं कुणाचं काही काढून घ्यायचं ठरवलं, परवाना म्हणा, दुकान म्हणा, तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, हा नियम. मॅडमचं मराठी केरळहून निघून रायपूरला गाडी बदलून आलेलं, पण समजावत होत्या झकास. वहिनी लाखोळीचे शेंडे खुडता खुडता थांबल्या. "मंग ऐकून घेतलं, अन् तरी तेच केलं तं?"

मॅडम म्हणाल्या, तरीसुद्धा ऐकायला हवं. निकाल बदलला नाही तरी. ऐकणं हाच त्या माणसाचा हक्क आहे.

वहिनींनी हातात राहिलेला शेंडा खुडला. मग म्हणाल्या, "हो. तेही हायच." आणि मॅडमना जेवूनच जायचा आग्रह केला. सरांनी त्याच दिवशी सही दिली. वहिनींच्या पसंतीला उतरलेला आणि दुरुस्तीशिवाय सुटलेला तो एकच प्रबंध.

आता पल्लवी. कॅम्प-१ वस्तीतली मुलगी, वडील कारखान्यातून निवृत्त. हिनं विषय घेतला समुद्रपक्ष्यांच्या वागणुकीचा. भिलाईत. जिथून समुद्र इतका लांब आहे की मीठसुद्धा थकून येतं. कँटीनमध्ये पोरं तिला विचारायची, तुझे पक्षी कोणत्या एक्स्प्रेसनं येतात. ती दर वर्षी कोकणात जायची, एका खडकाळ बेटासमोर नावेत बसायची, आणि सुरय नावाचे पक्षी बघायची. काळी टोपी, पांढरं अंग. नर मासा पकडून आणतो आणि मादीला देतो, मादीनं घेतला की जोडी जमली. कुठली जोडी परतून एकत्र येते, कुठली नाही, हे ती पायातल्या रंगीत कड्यांवरून ओळखायची.

सभागृहातलं भाषण झालं. टाळ्या, बिस्किटं. सर कानाशी आले. रविवार ठरला. वहिनी तिला फाटकात भेटल्या तेव्हा त्यांनी एकच चौकशी केली. "समुद्राचं पाणी खरंच खारट रायते काय गं? का उगाच म्हणतेत?" वहिनींनी समुद्र पाहिला नव्हता. पल्लवी म्हणाली, "काकू, माह्याजवळ बाटली भरून हाय. रविवारी आणतो."

रविवारच्या आधी, गुरुवारी सकाळी, वहिनी भाजी निवडता निवडता पाटावरून कलंडल्या. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. गाडी मीच चालवली. मी ती कशी चालवली याची एक मोठी गोष्ट होऊ शकते. ती मी करणार नाही.

सर रडले नाहीत. वहिनींचे दिवस झाल्यावर ते कॉलेजात आले, समितीच्या खोलीत बसले, खिशात खडू होताच. चार दिवस बघून मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. म्हटलं, सर, काल तलावावर गळ टाकला, असा रोहू लागला की मला स्कूटरसकट पाण्यात ओढत नेलं, मी हेडलाइट लावून बाहेर आलो. हे म्हणजे निम्मं सोडा, सगळंच वजा करण्यासारखं होतं. मी वाट बघत होतो.

सर म्हणाले, "असंन."

मला त्या क्षणी जे झालं त्याला शब्द नाही, आणि शब्द नसण्याची मला सवय नाही. त्यांनी मासा, स्कूटर, हेडलाइट, सगळं मंजूर केलं होतं. काही वजा केलं नाही. त्यांना कुणी सांगितलं असतं की कारखान्याची चिमणी उडून गेली, तरी ते "असंन" म्हणाले असते.

लोक भेटायला यायचे. त्या घरात काय बोलायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. तिथं आम्ही वर्षानुवर्षं एकच काम केलं होतं, कुणी काही समजावून सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. म्हणून जे झालं ते आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकतं. डॉक्टर साहू सांत्वनाला आले, सतरंजीवर बसले, घसा साफ केला आणि एकदम मसाला किती आकसतो ते सांगू लागले. सगळं, पहिल्यापासून. मी डोळे वटारले, पण त्यांना थांबता येईना. दुसऱ्या दिवशी थॉमस मॅडमनी तोच सुनावणीचा नियम पुन्हा सांगितला, डोळे पुसत. एक रसायनवाले आले, त्यांनी गंज सांगितला. रिकाम्या पाटासमोर. प्रत्येक जण सांगून थांबायचा, आणि त्यानंतर जिथं तो शब्द यायला हवा होता तिथं पंख्याचा आवाज यायचा. सर चौकटीला टेकून उभे असायचे. शेवटी म्हणायचे, "असंन."

पल्लवीचा प्रबंध मात्र अडकला. विद्यापीठाची मुदत जवळ आली होती. ती गेली असती तर नोंदणी रद्द, पहिल्यापासून सगळं. तिच्या वडिलांनी कर्ज काढून तिला कोकणात पाठवलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक. सर नाही म्हणत नव्हते. सहीही करत नव्हते. मी विचारलं, तर म्हणाले, "आयकणारी नाही. कोणाले सांगन ते पोरगी?" मी म्हटलं, सर, तुम्ही ऐका. ते म्हणाले, "मी तं कधी आयकतच नव्हतो, बोरकर. मी तिच्याकडं पाहत होतो. तिले समजलं का नाही, ते तिच्या हातावरून समजे. हात थांबला का काहीतरी चुकलं."

पल्लवीला मी हे सांगितलं नाही. तिला कुणी रविवारी बोलावलंही नाही. ती आली. प्रबंध तिनं बाहेरच्या टेबलावर ठेवला, हातात फक्त पाण्याची बाटली होती. सरळ स्वयंपाकघरात गेली, बाटली ओट्यावर ठेवली. पाटावर नाही बसली, नेहमी उमेदवार बसायचा तिथं बसली, आणि रिकाम्या पाटाकडे बघून बोलू लागली. सर चौकटीशी. मी त्यांच्या मागे.

तिनं बेट सांगितलं, नाव सांगितली, कडी सांगितली. मासा देणं सांगितलं. मग म्हणाली, "काकू, एक नर होता. निळं कडं. दोन वर्षं त्याची जोडी एकच, त्याच खडकावर, त्याच कपारीशी. तिसऱ्या वर्षी तो आला. ती नाही आली. तो मासा घेऊन त्याच जागी उभा राहिला. दुसरे पक्षी मासा हिसकायले आले, तं पाठ फिरवे. पन जागा नाही सोडली."

ती थांबली. पंख्याचा आवाज आला.

"मंग?" सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पल्लवीनंही मान वळवली नाही. पाटाकडे बघूनच म्हणाली, "मंग सांज झाली. मासा चोचीतून पडला. तो उभाच होता. नाववाला म्हणे, चला, पाणी वाढून राहिलं. आमी निघालो."

"मंग?"

"मंग मले दिसलं नाही, सर."

 मग सरांनी विचारलं, "तो वाट पाहत होता, असं लिहिलं का तुनं?"

"लिहिलं होतं. माह्या गाईडले लय आवडलं ते वाक्य. काल काढलं मी."

"ठेव," सर म्हणाले.

मी आयुष्यात खूप अशक्य गोष्टी सांगितल्या आहेत, पण ऐकलेली ही एकच. ज्या माणसानं साहूंची पानं काढायला लावली, माझ्या पोळीची एक बाजू कच्ची ठेवली, तो चौकट धरून म्हणत होता, "ठेव ते. राहू दे. वाट पाहत होता म्हणून लिही."

पल्लवीनं मान हलवली.  "नाही सर. उभा होता, एवढंच दिसलं. वाट पाहत होता ते मले वाटलं."

सरांचा हात चौकटीवरून सुटला. मला वाटलं, पडतात. पडले नाहीत. ते आत गेले, ओट्यावरची बाटली घेतली, झाकण काढलं, बोट बुडवलं आणि जिभेवर लावलं. जरा थांबले, नीट चव घेतली, जशी ते चहाची ऊब बघायचे तशी.

"खारट हाय," ते म्हणाले. आम्हाला नाही. पाटाकडे बघून.

मग बाहेर येऊन त्यांनी सही केली. खडूच्या बोटांचा ठसा प्रबंधाच्या मुखपृष्ठावर उमटला. पल्लवीनं तो पुसला नाही.

त्यानंतर काही महिने सर स्मृती नगरात होते, मग मुलीनं त्यांना नागपूरला नेलं. पल्लवी आता कोकणातच शिकवते. मी नागपूरला जाऊन भेटणार होतो, आणि किती वेळा निघालो होतो याचा आकडा मी सांगितला तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून सांगत नाही. त्यांना शेवटचं पाहिलं ते इथंच, जायच्या आदल्या रविवारी, भाजीबाजारात.

सरांनी उभ्या आयुष्यात भाजी निवडली नव्हती. छत्तीसगढी भाजीवालीशी गप्पा मारायचे, पिशवी वहिनी धरायच्या. त्या दिवशी ते एकटे होते. हातात लाखोळीची जुडी. भाजीवाली विचारत होती, "लेबे का, गुरुजी?" ते उत्तर देत नव्हते. जुडी पिशवीत टाकत नव्हते, खाली ठेवतही नव्हते. गर्दी दोन्ही अंगांनी जात होती. एका सायकलवाल्यानं घंटी वाजवली. सर थोडे वळले, जुडी छातीशी धरली, आणि पुन्हा तिथंच.

मी रस्त्याच्या या बाजूला स्कूटर थांबवून बघत होतो. हाक मारली नाही. बाजार उठेपर्यंत थांबावं असं वाटलं, पण मागून ट्रक आला, तो हॉर्न वाजवत राहिला, मला निघावं लागलं. पुढचं मला दिसलं नाही.

ते कुणाची वाट बघत होते असं मी लिहिणार नाही. उभे होते. यातलं निम्मं वजा करा, सगळं करा. बाजार वजा होईल, ट्रक वजा होईल, मीही वजा होईन. ते उभेच राहतात.